छतातलं भोक आणि फादर लुडगर

समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या गावच्या प्रमुख वाल्बुर्गाबाई. बिशपमहाशयांच्या वतीनं आलेले, आणि मघापासून घड्याळाकडे अत्यंत सौजन्यानं पाहणारे आदरणीय पाहुणे. सत्कारमूर्ती फादर लुडगर. आणि लांब बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आरंभीच एक गंभीर तक्रार नोंदवतो. आपणा सर्वांपुढे फेसाळते मग आहेत आणि व्यासपीठावर पाण्याच्या बाटल्या. बव्हेरियात, बिअरला कडूपणा देणारे हॉप्सचे वेल जिथं घरोघरी लावतात त्या गावात, वक्त्याला पाणी? मठाच्या शाळेत लॅटिन घोकताना तपस्व्यांच्या हालअपेष्टांची पुष्कळ वर्णनं वाचली; पण असला प्रसंग एकाही संतावर गुदरल्याचं स्मरत नाही. असो. माझ्यासारख्या वर्तमानपत्राच्या वार्ताहराला सहनशीलता शिकवावी लागत नाही.

फादर उद्या उत्तरेकडे, स्वतःच्या वेस्टफालियाला परत जातात. त्यांच्या जागी कुणी येत नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच आज सगळे जरा मोठ्यानं हसताहेत. यापुढे आपण शेजारच्या शहराच्या चर्चला जोडले जाऊ. वर्षातून एकदा येणाऱ्या, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारची प्रार्थनाही तिकडेच, काँक्रीटच्या त्या इमारतीत. तिच्या छताला भोक नाही.

आपल्या छताला आहे. रंगवलेल्या ढगांच्या ऐन मध्यावर. त्या गुरुवारी ख्रिस्ताची लाकडी मूर्ती दोरानं वर ओढली जाते आणि त्या भोकातून स्वर्गात, म्हणजे माळ्यावर, अंतर्धान पावते. दिसेनाशी होताना तिचं तोंड जिकडे, तिकडून यंदाची गारपीट, असं आपल्या पणज्या सांगून गेल्या. हवामान खात्याचं मत वेगळं असेल. पण हवामान खातं हॉप्स लावत नाही.

फादर आले तेव्हा त्यांना यातलं काही म्हणजे काही रुचलं नव्हतं. उत्तरेकडचा माणूस, पांढरी भिंत, साधा क्रूस आणि मोजके शब्द यांवर वाढलेला. सोन्याचा मुलामा, गुबगुबीत देवदूत, वळणं घेत वर चढणारे खांब पाहून ते म्हणाले, “इथं प्रार्थना करायची तर डोळे मिटावे लागतील.” त्यांचं घर सांभाळणाऱ्या झेंटाबाई लगेच म्हणाल्या, “मिटा की! उघडल्यावर दिसावं म्हणूनच तर रंगवलंय.”

मग फादरांनी खांबावर टिचकी मारली. आवाज पोकळ आला. “बाई, हा संगमरवर नाही. नुसतं प्लास्टर. देवाच्या घरात खोटेपणा?”

“खोटेपणा नव्हे, फादर, गरिबी. संगमरवर परवडला नाही, म्हणून काय देवाला उघड्याबोडक्या भिंतीत ठेवायचं?”

प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनी देवळांना चुना फासला तेव्हा आमच्या पूर्वजांनी हे सोनेरी उत्तर का दिलं, यावर मी लेखमाला लिहिल्या आहेत. झेंटाबाईंच्या त्या वाक्यापुढे त्या रद्दीत गेल्या. तशाही गेल्याच होत्या.

मूर्ती ओढण्याची प्रथा फादरांनी चालू ठेवली, पण गारांचा शकुन त्यांना नको होता. म्हणून त्यांनी मूर्तीला दुसरी दोरी बांधली. तोंड वेदीकडेच राहावं, फिरू नये. आपली वेदी पूर्वेला. आणि त्या उन्हाळ्यात गारा, नको त्या वेळी आणि नको तितक्या, पूर्वेकडूनच आल्या.

पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या घराण्याकडे दोर ओढण्याचा मान, त्या वास्टलचं सगळं पीक आडवं झालं. तो फादरांच्या दारात येऊन उभा राहिला.

“तुम्ही गारा बांधून ठेवल्यात!”

“वास्टल, अरे मी मूर्ती बांधली, गारा नाही.”

“मग मान तरी मोकळी ठेवायची! कुठं बघायचं ते त्याचं त्याला कळत नाही?”

पुढल्या वर्षी वास्टलनं दोराला हात लावला नाही. चर्चच्या दाराशी टोपी हातात घेऊन उभा राहिला. रुसलेला, पण आलेला. फादर एकटेच माळ्यावर चढले. दुसरी दोरी त्यांनी स्वतःच सोडून टाकली होती. मूर्ती वर गेली, भोकाच्या हातभर खाली थांबली, आणि संथपणे फिरू लागली. पूर्व, दक्षिण, पश्चिम. जिकडे तोंड वळे तिकडचे शेतकरी घाईघाईनं छातीवर क्रुसाची खूण करत. झेंटाबाई खालून ओरडल्या, “फादर, चारी बाजूंनी आणता का आता?”

शेवटी वास्टल धापा टाकत वर गेला. पुढचं मला फादरांनीच सांगितलं.

“काय झालं? अडकलाय का दोर?”

“नाही रे. मीच थांबलोय. खाली बघ.”

“मी कधी बघत नाही. मी दोराकडे बघतो.”

“आज बघ.”

वास्टल वाकला. खाली सगळं गाव माना वर करून उभं. त्यात त्याची बायको आफ्रा. घरात वर्षभर आठ्यांनी नांगरलेल्या कपाळाची आफ्रा, आणि आता चेहरा जत्रेत पहिल्यांदा नेलेल्या पोरीसारखा. वास्टलनं दोर हातात घेतला. मग म्हणाला, “ओढा.” दोघांनी मिळून ओढलं.

फादर म्हणाले, “वेदीवरून मला इतके दिवस लोकांचे भांग दिसत होते. छत कुणासाठी रंगवलंय, ते छतावर गेल्यावर कळलं.” डोळे मिटायला निघालेला हा माणूस पुढे त्या एकेका देवदूतासाठी सरकारदरबारी भांडला, आणि दर वर्षी त्या गुरुवारी वास्टलच्या जोडीला माळ्यावर चढला. स्वतःची चूक इतक्या उंचीवर जाऊन पाहणारे धर्मगुरू मी फार पाहिलेले नाहीत.

त्या वर्षी गारा आल्याच म्हणा. पण मूर्तीचं तोंड शेवटी कुठं होतं यावर एकमत होईना, त्यामुळे भांडण जमलं नाही.

गायकवृंदाचे, बटाट्याचे गोळे वळणाऱ्या भगिनींचे आणि घड्याळ अखेर खिशात ठेवणाऱ्या पाहुण्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर आजच्या दिवशी पोटात घाला.

आणि फादर, एक सांगायचं राहिलं. चर्चची मला चिंता नाही. सोन्यावरची धूळ पुसली जाईल, प्रवासी येतील, फोटो काढतील. चिंता माझी आहे. मी श्रद्धावान नाही, हे आपल्याला ठाऊक आहे आणि आपण ते कधी काढलं नाही. मी वर बघतो, ते आजूबाजूला ही सगळी बघतात म्हणून. ही मंडळी त्या गुरुवारी शहरात गेली, तर मला एकट्याला तिथं रंगाखेरीज काही दिसेल की नाही, मला माहीत नाही.