बयाबाईच्या नावचं कार्ड

चौऱ्याऐंशी साली तुर्भ्याच्या पोस्टात मीना रांगेत उभी होती, पण कान पुढच्या दोघींकडे होते.

"बयाबाई, नागपूरहून कार्ड कुणी धाडलं गं तुला?"

"मीच. दीक्षाभूमी बघितली, आन् तिथल्याच पेटीत टाकलं."

"सोताच सोताला? लिवलंस तरी काय?"

"'बयाबाई, तू पोचलीस.'"

"खुळी का काय!"

"आसू दे. माज्या भावाची पत्रं बी ह्यांच्याच नावानं येत्यात. हे आधी वाचनार, मंग वाटलं तर सांगनार. काल पोस्टमन वस्तीभर वरडला, 'बयाबाई कांबळे!' ह्यांनी सवयीनं हात पुढं केला. पोस्टमन म्हनला, 'तुमचं न्हाई, बाईंचं हाय.'"

"अगं बाई! मंग?"

"म्हनले, 'बघू, काय लिवलंय?'"

"दिलंस?"

"मी म्हनलं, 'दुसऱ्याचं पत्र वाचू नये.'"