दोन पॉइंट चार कॅल्शियम

...अहो, हाड मोडलं असतं तर गोष्ट वेगळी, पण इथे एकही हाड जागचं हललेलं नाही आणि ऐन चौदा जानेवारीला मला घरात कोंडून ठेवलं, का, तर म्हणे रक्तात कॅल्शियम दोन पॉइंट चार! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं, आमच्या मराठी मंडळाच्या बसमध्ये पुढची सीट माझी, धुकं असो नाहीतर रस्ता बंद असो, पानिपतला जाऊन काला अंबच्या स्मारकापाशी माथा टेकल्याशिवाय मी कधी तिळगूळ तोंडात घातला नाही... आणि या वर्षी काय, तर दोन पॉइंट चार.

झालं असं, सरकारी नोकरीत जन्म गेला, रिटायर झालो, आर. के. पुरमचं क्वार्टर सुटलं आणि आलो इथे नोएडाला. नवी सोसायटी, पाणी नाही, वीज जाते, पण गेटजवळ काचेची लॅब आहे बरं का, एसीवाली, कंप्यूटरवाली. माझा गुडघा जरा कुरकुरला, तर आमचे चिरंजीव अंशुमन, मल्टिनॅशनलमध्ये असतात ना, म्हणतात, "बाबा, ती सरकारी डिस्पेन्सरी सोडा आता यार, इथे बिल्कुल प्रॉपर रिपोर्ट मिळतो." मिळाला. डिस्पेन्सरीत गेल्या वर्षी नऊ पॉइंट सहा, आणि इथे दोन पॉइंट चार!

आमच्या सुहासिनीने कागद असा दोन्ही हातांनी धरला, "अहो, पाऊण कॅल्शियम गेलं कुठे?" जसं काही मीच विकून आलो. तेवढ्यात शेजारच्या खन्नाबाई हजर, "भाईसाहब को सीढ़ी मत उतरने दीजिए, मेरी जेठानी तो बस छींकी थी जी, पसली टूट गई!" मग काय, सकाळी दूध, दुपारी दूध, रात्री हळद घालून दूध, मधल्या वेळात पनीर, दिवसातून तीनदा गोळ्या, आणि मला शिंक आली की मायलेक दोन्ही बाजूंनी धरायला! आणि खोटं कशाला बोलू, मीही घाबरलो हो. अंघोळ करताना स्वतःचं मनगट चाचपून बघायचो.

संक्रांतीला बस गेटपाशी आली, मंडळाचा केतन खालून ओरडला, "काका, सीट ठेवलीय!" तर ही बाल्कनीतून, "बसचे धक्के? या हाडांना?" दोनदा हॉर्न वाजला आणि बस गेली. वाईट वाटलं मला, फार वाईट वाटलं. अहो, तिथे इतकी माणसं हाडं ठेवून गेली, आणि मी हाडं सांभाळत बाल्कनीत, हातात दुधाचा ग्लास...

फेब्रुवारीपर्यंत पोट असं गच्च बसलं की काय सांगू, तोंड कडू, सारखी तहान. शेवटी घरी न सांगता गाठली जुनी डिस्पेन्सरी. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दहा पॉइंट नऊ! मी म्हटलं, चलो, भरून निघालं. तर त्यांनी लॅबचा कागद शेजारी ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "भाईसाहब, आप तो पहले ठीक ही थे. हमारा मिलिग्राम में आता है, इनका मिलिमोल में. इनका दो पॉइंट चार और हमारा नौ पॉइंट छह, बात एक ही है. ज़्यादा तो अब हुआ है, गोलियाँ खा-खाके. देखिए, आँकड़े के आगे लिखा है, नॉर्मल कितना होता है वो भी छपा है. आप काम क्या करते थे?"

आता यांना काय सांगू मी? तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका... तीस वर्षं वजन-मापे खात्यात इन्स्पेक्टर होतो हो मी! बाजारात शिरलो की दुकानदार तराजू पुसायला लागायचे. "पुड्यावर पाचशे लिहिलंय, पाचशे काय? ग्रॅम का छटाक? आकड्यापुढे माप कुठंय?" एवढ्यावर चलानं कापलीत मी, हजारांनी! आणि स्वतःच्या रक्ताचा कागद हातात आला तेव्हा काय वाचलं? दोन पॉइंट चार. फक्त दोन पॉइंट चार.

घरी कळलंच. आता दूध बंद, पनीर बंद, गोळ्या बंद, तांब्याने पाणी, आणि बाहेर जाणं तेही बंदच, कारण आता म्हणे वाढलंय! केतन म्हणतो, काका, गाडी काढतो, आपण दोघंच पानिपतला जाऊन येऊ. म्हणून काल हिला सरळ विचारलं, मला अजून किती थांबायचं?

ही वरण ढवळत म्हणाली, "दोन."

दोन काय? दिवस, आठवडे, महिने? ते नाही सांगितलं तिने... आणि विचारायला मला तोंड कुठंय.