शिळ्या पाण्याची बादली

टँकवाला : नाही हो ताई, हा दणक्याचा तडा नाही. दणका बसला की काच चांदणीसारखी फुटते, मधे एक ठिपका असतो. ही रेघ बघा, वरून निघून ओढ्यासारखी वळत खाली गेलीये. ठिपका कुठंय?

सून : मग कशानं?

टँकवाला : गरम पाण्यानं. कुणीतरी या कोपऱ्यात कढत पाणी ओतलंय.

सून : माशांच्या टँकमध्ये कढत पाणी कोण ओतेल?

टँकवाला : ते मी कसं सांगू? मी काचेचा डॉक्टर, घरातल्या माणसांचा नाही. मासे पाचच होते?

सून : सात होते. मंगळवारी दोन गेले. आई म्हणाल्या, आजारी होते. बुधवारी खालची फळी ओली दिसली. तेव्हापासून मी पेन्सिलनं खुणा करतेय. रोज दोन बोटं पाणी उतरतंय.

टँकवाला : खुणा केल्यात ते बरं झालं. आतून काचेची पट्टी चिकटवतो. दोन दिवस वाळू द्यायचं, तोवर मासे टबात.

सून : जरा हळू बोला. घरात माणसं दोनच, मी आणि सासूबाई. हे महिनाभर बाहेरगावी आहेत. सोमवारपासून मी कामावर जाणार, आणि पाच महिन्यांची मुलगी दिवसभर त्यांच्यापाशी राहणार. मागे दुधाचं पातेलं गॅसवर विसरल्या होत्या. तेव्हा मी गप्प बसले.

टँकवाला : वयानं होतं तसं. माझी आई चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते.

सून : चष्म्याचं काय हो. चिमीची आंघोळ त्याच घालताहेत. मंगळवारपासून मला बाथरूममध्ये पाऊल टाकू देत नाहीत. आणि त्याच हातांनी जर इथे...

टँकवाला : आल्या बघा.

(सासूबाई टॉवेलात गुंडाळलेल्या चिमीला घेऊन येतात.)

सासूबाई : घे गं हिला, डोळे मिटायला लागलेत. काय हो, वाचेल का टँक?

टँकवाला : वाचेल आजी. खाली गाडीत सामान आहे, घेऊन येतो.

सून : आई, ते म्हणतात, गरम पाण्यानं तडा गेलाय.

सासूबाई : ओळखलं वाटतं त्यांनी.

सून : तुम्हाला माहीत होतं? आई, मी रागवत नाहीये. पण हिला तुमच्यापाशी सोडून जायचंय मला. तुम्हीच ओतलंत ना?

सासूबाई : आधी बस. हिला मांडीवर घेऊन बस. मंगळवारपर्यंत किती रात्री जागी होतीस तू?

सून : त्याचा इथे काय संबंध?

सासूबाई : तीन रात्री. हिचं पोट दुखत होतं. सकाळी बाथरूमच्या दाराशी दोन बादल्या होत्या, दोन्ही निळ्या. एक माशांची, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या शिळ्या पाण्याची. दुसरी हिच्या आंघोळीची, कढत, विसण न घातलेली.

सून : त्या दिवशी पाणी गार होतं. पहिला तांब्या घातला आणि ही किंचाळली, तेव्हा कळलं मला. मला वाटलं, तुम्ही तापवायचं विसरलात. मी बोललेही तुम्हाला.

सासूबाई : बोललीस. 'आई, हल्ली तुमचं लक्ष नसतं.' मी तेव्हा टँकपाशीच होते. वाफा निघत होत्या. दोन उलटे झाले होते, बाकीचे पातेल्यात उचलून घेतले.

सून : मी ओतलं?

सासूबाई : वर माशांना म्हणालीस, 'घ्या रे, आलं तुमचं पाणी.' आतून ऐकलं मी. उभ्या उभ्या झोपेत होतीस.

सून : मी हात घालून बघितलं नव्हतं, आई. हिच्या अंगावर ती कढत बादली असती तर...

सासूबाई : नव्हती ना.

सून : तुम्ही सांगितलं का नाहीत?

सासूबाई : सांगितलं असतं तर तू हिला उचलायलाही धजली नसतीस. म्हटलं, आधी चार दिवस तुझी झोप होऊ दे. तुझ्या नवऱ्याला तान्हा असताना मी एकदा पलंगावरून पाडलंय, अजून कुणाला ठाऊक नाही. आणि दुधाचं पातेलं माझंच हो. ते नाही तुझ्यावर ढकलत.

सून : आणि मी सोमवारी तुमच्यावर विश्वास ठेवू की नको, ते ठरवत होते.

सासूबाई : ठरव की. आईनं ठरवावंच. हळू, जागी होईल ती.

टँकवाला : येऊ का? ताई, टबात घालायला शिळं पाणी लागेल. बाथरूमच्या दाराशी दोन बादल्या आहेत, त्यातली माशांची कुठली?

सासूबाई : ती डावीकडची.

सून : थांबा. मी हात घालून बघते.