पलंगाखालची टरफलं

— नाही, शेखरभाऊ, पेटी तशी उचलू नका. ठेवा खाली. ठेवा म्हणतो ना मी. पेटी तुमच्या बहिणीची हाय, तिच्या बापानं दिलेली हाय, म्या काही अडवून नाही धरली. पण खामगावले नवं बिऱ्हाड न्यायचं हाय का तुम्हाले, उंदराचं? नाही ना? मंग बसा. गाडीवाल्याले म्हणा, बंद कर बाबा, उगाच धूर नको काढू दारात. माझा दीपक वावरात गेला — सोयाबीन काढून राह्यले आज, पण खरं सांगू का, तुम्ही येणार म्हणून गेला. तोंड दाखवायचं नाही तुम्हाले. मले मात्र कुठं जाता येते, मी आपली घरातच. अन् मले समजत नाही असं नका समजू. सात महिने बाई माहेरी राह्यली की आधी पेटी जाते, मंग शिलाई मशीन जाते, मंग एक दिवस वकिलाचा कागद येते. चौथं काही राहत नाही. पाणी घ्या. नाही घ्यायचं तं नका घेऊ, तांब्या तिथंच हाय.

इकडं या, वाका जरा. पेटीच्या मागं, भिंतीच्या कडेकडेनं — दिसलं? जिरे सांडले वाटतात ना? जिरे नाहीत ते. लेंड्या हायेत. जिऱ्याएवढी, दोन्ही टोकं बारीक, तं तो घरातला बारका उंदीर. बोराच्या बीएवढी असली तं घूस, तिची गोष्ट वेगळी, ती बाहेरून भुई उकरून येते. अन् काडीनं दाबून पाहा — हाताले नका लावू, काडी घ्या. भुगा झाला? पांढुरकी हाय? मंग ती जुनी. काळी अन् मऊ असली, चमकली, तं रातचीच समजा. हे सारं कोणी शिकवलं नाही मले. शाळेचं तोंड नाही पाह्यलं म्या. दीपक पहिलीत होता तवा त्याच्या पाटीवर त्याच्यासंगं गिरवलं, तो झोपला की पुन्हा गिरवलं, अन् आता गावातल्या बायाले पेपर मी वाचून दाखवतो. औषधाच्या पुडीवरचं बारीक अक्षर पण वाचतो. माझ्या तोंडापुढं इथं कोणी बोलत नाही, हे तुम्ही ऐकलंच असन — तुमच्या बहिणीनं, जयमालानं सांगितलं असन. नसन सांगितलं? ती तशी कमी बोलणारीच.

वास येते का? लघवीचा, कोंदट, जुन्या गोणपाटासारखा? तो आला की समजायचं एकटा नाही. अन् ही भिंत पाहा, खालून बोटभर वर — काळपट तेलकट पट्टा दिसते ना? रोज एकाच रस्त्यानं अंग घासत जाते तो. आपल्या पायवाटेसारखीच त्याची पायवाट. पेटीच्या कोपऱ्याले गंजून भोक पडलं हाय, पेन्सिल जाईन एवढं. पेन्सिल गेली की उंदीर गेला. पोट आत घेते अन् जाते. म्हणून म्हणतो, आधी पेटी अंगणात काढू, कपडा कपडा झटकू, उन्हात टाकू, भोक पत्र्यानं बंद करू, मंग न्या. तुमच्या घरात आता लहान लेकरू हाय. उंदराचं मूत अंथरुणाले लागलेलं चालत नाही लेकराले. दोन महिन्यांचं हाय ना? — हाव, मले माहीत हाय. पोळ्याच्या आधी झाली. निरोप तुम्ही नाही पाठवला, पण निरोप येते कुठून ना कुठून.

कापसासंगं आले हे. भाव नाही म्हणून दीपकनं मागच्या खोलीत कापूस भरून ठेवला, पार आढ्यापर्यंत. तुमच्याकडं जिनिंगवाले लोक, तुम्हाले काय सांगू, घरात कापूस म्हणजे उंदराले गादीच. वीस-एकवीस दिवसांत एक वेत, एका वेतात पाच-सहा पिल्लं, अन् दीड-दोन महिन्यांत ती पिल्लंच मायबाप. संक्रांतीले तुमची बहीण मले म्हणली, आत्याबाई, घरात उंदरं झाली वाटते, रातच्याले कुरतडल्यासारखं ऐकू येते. असंच म्हणली, लुगड्याचा पदर सावरत, हळूच. अन् म्या काय म्हणलं? म्या म्हणलं, गोजरबाईच्या घरात उंदीर? चाळीस वर्षं झाली या घरात मले, भुईवर सांडलेला दाणा कोणी पाह्यला नाही — तुमच्या घरची रीत असन ती, इथं नाही. असं म्हणलं.

का नाही वाटलं मले? ऐका, सांगतो. ऐकणं तुमच्या कामाचंही हाय. हा उंदीर एका जागी बसून खात नाही. इथं दोन दाणे, तिथं चार, दहा जागी तोंड घालते. एखादं पोतं फोडलं असतं तं मले दिसलं असतं. पण गव्हाची कोठी बोटभर उतरली, डाळ वाटीभर कमी झाली, बियाण्याच्या शेंगा — पेरणीसाठी म्या निवडून मडक्यात भरल्या होत्या, वरून फडकं बांधून — त्या पण कमी. सारंच थोडं थोडं. थोडं थोडं कोण नेते? माणूस नेते. माझी अक्कल अशी चालली. मंग म्या पंजा ठेवला.

पंजा नाही माहीत? तुमच्याकडं नसन. पिठाच्या डब्यात पीठ सपाट करायचं अन् वरून हाताचा पंजा दाबायचा, पाची बोटं उमटली पाहिजे. सकाळी झाकण काढायचं. पंजा मोडला असला तं रातच्याले कोणीतरी हात घातला. माझ्या सासूनं माझ्यावर केलं, म्या सुनेवर केलं. सासूनं केलं तवा मी रडली होती बरं का — चुलीपुढं बसून, नवऱ्याले, उकंडरावले सुद्धा सांगितलं नाही. अन् तरी केलं. तीन दिवस पंजा ठेवला, तिन्ही दिवस मोडला. झाकण त्या डब्याचं एका बाजूनं वाकलेलं, नीट बसतच नव्हतं. ते दिसलं नाही. पिठावर बारीक बारीक पावलं होती — आता डोळे मिटले तरी दिसतात, अशी, पाखराच्या नखासारखी, मधातून शेपटीची रेघ. म्या फक्त माझा पंजा पाहात होती. माझी बोटं कुठं मोडली तेवढंच.

अन् मंग तो दिवस. तो तुम्हाले तिच्याकडून माहीत असन, तं माझ्याकडून पण ऐका. होळीले चार दिवस होते. म्या शेजारच्या दोघी-तिघी बायाले हाक मारली — हाव, मुद्दाम मारली, साक्षीले — अन् तिचा पलंग ओढला भिंतीपासून. खाली टरफलं. शेंगांची. वंजळभर. म्या म्हणलं, पाहा, बियाणं खाते माझी सून, रातच्याले लपून. ती म्हणली, आत्याबाई, माझ्या पोटात काही ठरत नाही, मी शेंगा कायले खाईन? तवा कळलं सगळ्याइले की तिले दिवस गेले. चौथा महिना. दुसरी सासू असती तं तिथंच पाघळली असती. म्या काय म्हणलं माहीत हाय? म्हणलं, मंग तं खात असशीनच, डोहाळे लागले असतीन. बाया हसल्या. दीपक दारात उभा होता. तिनं त्याच्याकडं पाह्यलं, अन् त्यानं माझ्याकडं. माझा लेक माझ्यावर भरवसा ठेवते, शेखरभाऊ. लहानपणापासून. माय म्हणन ते खरं. म्हणला, जयमाला, मायची माफी माग. तिनं नाही मागितली. न केलेल्याची माफी मागायची नाही म्हणली. चारच्या एसटीनं गेली.

मानी हाय तुमची बहीण. माझ्यासारखी. ते मले तवाच — जाऊ द्या.

पोरीचं नाव काय ठेवलं?

नका सांगू. तुमची मर्जी.

हे घ्या, ही डब्बी उघडा. घाबरू नका, टरफलंच हायेत. त्याच दिवसची. फेकली नाहीत म्या. एक हातात घ्या, उजेडाकडं धरून पाहा. माणूस शेंग कशी खाते? चिमटीत दाबते, शिवणीवर फुटते, दोन फाकी होतात. तुम्ही खा, मी खाईन, लेकरू खाईन, दोनच फाकी. आता ही पाहा. फुटली हाय का? अख्खी हाय. बाजूनं भोक, अन् भोकाच्या कडेले बारीक करवतीसारखे दात. आतला दाणा तेवढा काढून नेला. ही पण तशीच. ही पण. डब्बीतली एकही शेंग माणसानं फोडलेली नाही. जन्मभर शेंगा फोडल्या म्या, मजुरीनं फोडल्या, या दोन बोटाइले घट्टे हायेत त्याचे, अन् मले —

कवा समजलं? समजलं आपलं. पाडव्याले कापसाची गाडी भरली, तवा खालून खोपा निघाला. कापसाच्या गोळ्यात पेपरचे तुकडे, अन् तिच्या निळ्या लुगड्याच्या काठाची जर कुरतडून विणलेली, अन् मधात सहा गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेली. तवा समजलं. मंग रोहिणखेडच्या बाजारातून पिंजरे आणले, भिंतीची भोकं बुजवली, कोठीले पत्रा ठोकला. एकोणीस धरले आतापावेतो. भुईवर राख पसरून झोपतो, सकाळी पावलं मोजतो. आता या घरातला उंदीर मले तोंडपाठ हाय.

काय म्हणता? पाडव्याले समजलं तं टरफलं त्याच दिवसची कशी ठेवली?

हुशार हाय तुम्ही. वकिलासंगं बसणं-उठणं होत असन.

ठेवली. हाव. पाडव्याले नाही समजलं. त्याच दिवशी समजलं. बाया खोलीतून गेल्या, मी झाडू घेऊन टरफलं लोटाले बसली, तं झाडूखाली वाजली ती — अख्खी टरफलं पोकळ वाजतात, फाकी वाजत नाहीत. एक उचलली. भोक दिसलं. दुसरी उचलली. तीन वाजले असतीन तवा. एसटी चारची. ती दारापुढच्या सपरीत पिशवीवर बसून होती, माझ्याकडं पाठ करून, अन् दोन हाताच्या अंतरावर मी, वंजळीत टरफलं घेऊन. एक तास होता माझ्याजवळ, शेखरभाऊ. पूर्ण एक तास. म्या म्हणलं, आता म्हणन, मंग म्हणन. शेजारची अजून अंगणातच होती, तिच्यादेखत कसं म्हणू? दीपक काय म्हणन? गोजरबाई चुकली असं या गावात कोणी कधी म्हणलं नव्हतं. मंग एसटीचा हॉर्न वाजला. उठली, पाया पडली माझ्या. पडली ती, एवढं झाल्यावर. म्या पाय मागं घेतले. तिले वाटलं रागानं घेतले.

नाही, रडत नाही मी. डोळ्याले मोतीबिंदू हाय, पाणी येते.

दीपकले? — दीपकले काय? — त्याले माहीत हाय उंदरं झाली होती ते. पिंजरे तोच ठेवते ना. — तसं नाही विचारत तुम्ही, समजलं मले. नाही. त्याले नाही माहीत. शेंगा तिनंच खाल्ल्या असं तो अजून समजते. सात महिने माझ्यासमोर बसून जेवते, अर्धी भाकर टाकून उठते, अन् म्हणते, माय, तू म्हणत होती तेच खरं, खोट्या बाईसंगं संसार होत नाही. अन् मी त्याले भाजी वाढतो. पोरगी झाली कळलं तवा रातभर सपरीत बसला होता. सकाळी म्हणला, जाऊ का? म्या म्हणलं, तिले येऊ दे आधी. तिनं कायले यावं? आता सांगितलं तं तो माझं तोंड पाहणार नाही. म्हातारपणी एकच लेक हाय मले. कोण्या मायले सांगता येईन? तुमच्या मायले आलं असतं? सांगा ना.

डब्बीचं झाकण लावून राह्यले? बराबर हाय. लावा.

गाडीचा आवाज येऊन राह्यला — त्याचीच हाय, मोटारसायकल. भाकरीले आला असन. आता तुम्ही एक करा, ती डब्बी माझ्याजवळ द्या. द्या इकडं. तुम्ही नका सांगू त्याले, तुमच्या तोंडून निघालं तं भांडण होईन, मारामारी होईन. माझ्या तोंडून निघालं पाहिजे. काय होईन ते होईन. तुम्ही भाईर जा, गाडीवाल्याजवळ उभे राहा. हाक मारीन तवाच या. नाही मारली तं नका येऊ. मायलेकाइचं बोलणं हाय, सोयऱ्यानं ऐकायचं नाही. जा म्हणतो ना. अन् जाता जाता कवाड लोटून घ्या.