दोनशे चौदा नंबरची विहीर

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे आधारस्तंभ माननीय वीरण्णा खानापुरे साहेब, तंत्रनिकेतनाच्या प्राचार्या डॉ. शिवकांता मॅडम, व्यासपीठावरील सर्व सन्माननीय पाहुणे, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी आणि या उकाड्यात चार पंख्यांच्या भरवशावर बसलेल्या बंधू-भगिनींनो, आपणां सर्वांना शरणु शरणार्थ.

माईक जरा खाली घेतो. 

मघापासून चार वक्ते माझ्या निवृत्तीनिमित्त माझ्याबद्दल बोलले. एकानं तर मला संगणकाचा भगीरथ करून टाकलं. तेवढ्या वेळात मी तीनदा पाणी प्यालो आणि दोनदा खुर्ची सरकवली. मॅडमनी हळूच विचारलंही, सर, बरं वाटत नाही का? मॅडम, खरंच बरं वाटत नाही. शाल-श्रीफळाच्या आधी मला बोलू द्या, अशी विनंती मी सकाळीच केली होती. कार्यक्रमाचा क्रम उलटा करणं आयोजकांना जड गेलं असेल, पण त्यांनी ऐकलं. त्यांचे आभार मानतो आणि क्रम का उलटा केला ते सांगतो.

गोष्ट एकोणीसशे सत्त्याऐंशीची. आपला लातूर जिल्हा उस्मानाबादेतून निघून तेव्हा पाच वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याला सगळंच नव्यानं मोजून हवं होतं, विहिरीसुद्धा. एका खाजगी संस्थेनं ते काम घेतलं आणि मी, सत्तावीस वर्षांचा धोंडप्पा, तिथं रोजंदारीवर लागलो. मुरुड, औसा, किल्लारी, निलंगा, सायकलवर सगळं पालथं घातलं. विहिरीत टेप सोडायचा, पाणी किती फुटांवर आहे ते लिहायचं आणि पुढच्या गावाला जायचं. संस्थेकडे एक संगणक होता. त्यात विटेएवढी हार्ड डिस्क होती, वीस मेगाबाइटची. तेव्हा ती बघायला लोक चपला बाहेर काढून यायचे.

तीन उन्हाळ्यांची मापं त्या डिस्कवर गेली. पुढं संस्था बंद पडली, कागद वाळवीनं खाल्ले. संगणक देणगी म्हणून आपल्या तंत्रनिकेतनात आला. मीही त्याच वर्षी इथं आलो. त्याला कपाट मिळालं, मला नोकरी.

आता दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यावर येतो. तो आपल्यापैकी कोण विसरलंय? शहराला रेल्वेनं पाणी येत होतं. आपण वसतिगृह बंद करून पोरांना घरी पाठवलं होतं. गावोगाव श्रमदान चाललेलं आणि प्रत्येक गावापुढं एकच प्रश्न, जुन्या विहिरींपैकी कुठली खोल करायची? अंगात बळ एकाच विहिरीपुरतं होतं. तेव्हा मला कपाटातली डिस्क आठवली. दुष्काळी उन्हाळ्यातसुद्धा कुठल्या विहिरीत पाणी टिकलं होतं, हे तिच्यावर लिहिलेलं होतं आणि जगात दुसरीकडे कुठंच नव्हतं.

पण ती वाचायची कशी? मूळ संगणक मेलेला. डिस्क चालवणारं कंट्रोलर कार्ड अर्धं जिवंत. त्याच्यावरची एक चिप जळालेली, त्यामुळे जुन्या पद्धतीनं डिस्क दिसेना. दुसरं कार्ड लावावं, तर या जातीची डिस्क ज्या कार्डानं लिहिली त्यालाच नीट वाचता येते. कार्ड बनवणारी कंपनी बुडालेली, माहितीपुस्तक कुठं नाही. म्हणजे उपाय एकच, त्या कार्डाशी थेट बोलणारा कर्नल ड्रायव्हर स्वतः लिहायचा.

ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी सांगतो. देगलूरच्या बैलबाजारात विकणारा कानडी आणि घेणारा मराठी असला, की मध्ये एक जण बसतो. दोघांचं बोलणं त्याला कळतं. कर्नल हा संगणकाचा मुख्य कारभारी. त्याला या म्हाताऱ्या कार्डाची बोली येत नव्हती. मध्ये बसणारा माणूस मी लिहीत होतो.

तेवीस दुपारी गेल्या. भंगारातून जुनी खाच असलेला एक बोर्ड मिळाला, त्यात कार्ड बसवलं. कार्डाला आज्ञा द्यायची आणि त्याच्या हाकेची वाट बघायची. हाक येईना. आली तर भलत्याच तारेवर यायची आणि सगळा संगणक जागच्या जागी गोठायचा. पुन्हा सुरू करायचा, पुन्हा गोठायचा. मला बसवत नव्हतं. प्रयोगशाळेत येरझाऱ्या घालून घालून फरशीवर माझ्या चपलांची वाट उमटली होती. चोविसाव्या दुपारी पडद्यावर गावांची नावं उमटली. माझ्याच हातानं भरलेली नावं, एकोणतीस वर्षांपूर्वीची. खोटं कशाला सांगू, मी रडलो.

इथपर्यंतची गोष्ट आपण मघाशी चारदा ऐकली. इथून पुढची कुणाला माहीत नाही. आठ दिवसांपूर्वीपर्यंत मलाही नव्हती.

डिस्क मरायला टेकलेली. एकेचाळीस हजार आठशे वीस सेक्टर, म्हणजे तेवढे कप्पे. मध्येच एखादा कप्पा वाचता यायचा नाही, ड्रायव्हर चूक कळवायचा आणि नव्या डिस्कवर चाललेली सगळी नक्कल थांबायची. डिस्कचा आवाज दर तासाला बदलत होता. मला वाटलं, ही आता जाते. म्हणून मी ड्रायव्हरमध्ये दोन ओळी घातल्या. कप्पा वाचता आला नाही तरी कारभाऱ्याला सांगायचं, वाचला, आणि पुढं चालायचं. नंतर नीट करू म्हटलं. पण अशा वेळी ड्रायव्हरच्या हातात काय असतं? आधीच्या कप्प्यातला मजकूर. तोच पुन्हा पुढं दिला जायचा.

अध्यक्ष महाराज, ही चूक पुण्या-मुंबईच्या पोरानं केली नसती. ही माझ्या हाताची सवय होती. मोजणीच्या कामावर अमृतराव म्हणून आमचे मुकादम होते. माणूस प्रेमळ. पहिल्याच दिवशी त्यांनी शिकवलं, "धोंडप्पा, विहिरीवर मानूस न्हाई घावला, टेप सोडू दिला न्हाई, तरी रकाना मोकळा ठेवायचा न्हाई. वरीलप्रमाणे लिहायचं. मोकळा रकाना दिसला की साहेब कागद माघारी धाडतेत." आपल्याकडे कुठल्या कचेरीत, कुठल्या शाळेत हे लिहीत नाहीत, सांगा? आपण सगळेच वरीलप्रमाणे लिहून मोठे झालो. मी ते यंत्रालाही शिकवलं.

नक्कल झाली, यादी छापली, गावोगाव गेली. फोन आले, सत्कार झाले. त्या दोन ओळी मी विसरलो.

मुरुडच्या पुढं करंजवाडी म्हणून गाव आहे. तिथं तारामतीबाई सरपंच होत्या. त्यांचं म्हणणं होतं, ओढ्याकाठची विहीर खोल करू, सासूबाई सांगायच्या तिथला झरा आटत नाही. पण माझ्या यादीत ओढ्याच्या विहिरीचं पाणी एकतीस फुटांवर होतं आणि दोनशे चौदा नंबरच्या, माळावरच्या विहिरीचं अठरा फुटांवर. बाईंनी आपलं म्हणणं मागं घेतलं. छापलेल्या कागदापुढं सासूच्या आठवणीचं काय चालणार? चाळीस दिवस अख्खं गाव माळावर राबलं. पंचवीस फूट खोल गेले. खाली काळा खडक लागला आणि थेंब नाही.

माळावरची ती विहीर बाईंच्या दिराच्या बांधाला लागून आहे. मग गाव काय म्हणणार? म्हणालं, हिनं दिराची विहीर फुकटात खोदून घेतली, यादीत आकडा हिनंच घालून आणला. बाईंनी राजीनामा दिला. गेली दोन वर्षं त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही. हे मला तेव्हा कानावर आलं होतं. मी म्हणालो, गावचं राजकारण, आपल्याला काय करायचंय. हे वाक्य माझंच आहे आणि त्याची मला लाज वाटते.

आता आठ दिवसांपूर्वीचं. सन्मानचिन्ह म्हणून ड्रायव्हरच्या कोडचं एक पान फ्रेम करून द्यायचं मॅडमनी ठरवलं आणि म्हणाल्या, सर, पान तुम्हीच निवडा. पान निवडायला बसलो आणि त्या दोन ओळी समोर आल्या. जेवण गेलं नाही. डिस्क पुन्हा लावली. ओळी काढल्या आणि न वाचता येणारा कप्पा शंभर-दोनशे वेळा, एकदा अलीकडून, एकदा पलीकडून वाचून बघायचं, असं लिहिलं. मापांच्या फाइलीत एका विहिरीला एक कप्पा होता, तिथं असे चार कप्पे निघाले. गावांची नावं वेगळ्या फाइलीत होती, म्हणून नाव बरोबर आणि माप शेजारच्याचं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तीन विहिरींच्या गावांनी यादी वापरलीच नव्हती, मी फोन करून खात्री केली. चौथा कप्पा दोनशे चौदा नंबरचा. एकशे बासष्टाव्या खेपेला तो वाचता आला. मे महिना, सत्त्याऐंशी साल, शेरा: कोरडी. अठरा फूट हे दोनशे तेराचं, शेजारच्या गावातल्या विहिरीचं माप होतं.

टेबलावरच्या त्या फ्रेममध्ये मी तेच पान दिलंय, त्या दोन ओळींचं. मॅडम, तुम्हाला न सांगता दिलं, रागावू नका.

मंगळवारी मी करंजवाडीला गेलो. तारामतीबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, "सर, मला कशाला सांगायलात? मी खोटी न्हाई हे मला पयल्यापासून ठावं हाय. गावाला सांगा की."

मी म्हणालो, कार्यक्रमाला या, तुमच्यासमोर सांगतो.

"मी येनार न्हाई. मी तिथं बसले तर लोक म्हनतील हिनंच मास्तरला पढवून उभं केलं. मी नसताना सांगा, मंग खरं वाटंल."

मी उठलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "चाळीस दिवस लेकरं काखेत घेऊन बाया दगड वाहत हुत्या, सर. त्यांला बी सांगा."

अध्यक्ष साहेब, मघाशी आपण विचारलंत, मागच्या चार रांगांतली मंडळी कुणाची पाहुणी? ती माझी पाहुणी आहेत. करंजवाडीहून दोन जीप करून मी त्यांना बोलावलंय. सत्कार बघायला या म्हणालो, कारण खरं कारण सांगितलं असतं तर ती आली नसती.

मंडळी, तुमच्याकडे बघून सांगतो. यादीतला आकडा कुणी घालून आणला नव्हता. तो माझ्या ड्रायव्हरनं घातला आणि ड्रायव्हरला ते मी शिकवलं. बाईंनी तर ओढ्याची विहीर मागितली होती. तुम्ही दगड वाहिलेत ते माझ्या चुकीपायी. दुरुस्त यादी मी सहीनिशी आणली आहे, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. ओढ्याकाठी खोदायचं ठरलं तर उद्यापासून मी मोकळा आहे, येईन. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला जमेल तेवढी पाटी उचलीन.

शाल आज नको, साहेब. राग मानू नका, खांद्यावर घेववत नाही. जवळजवळ तीस वर्षं या संस्थेनं मला सांभाळलं, सहकाऱ्यांनी माझा चिडका स्वभाव सोसला, विद्यार्थ्यांनी प्रेम दिलं, आयोजकांनी आज इतका घाट घातला, या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द कमीजास्त गेला असेल, तर तो आपण सांभाळून घ्यावा. विहिरीचं मात्र सांभाळून घेऊ नका. ते मी केलं, तारामतीबाईंनी नाही.