इंजिन झालं, गाडी कुठेय?

...आणि ठेवलं कुठे, तर काशीनाथरावांच्या खाटेला खेटून. नाही, तुम्हीच सांगा, माणसाने आयुष्यभर वाणगाव स्टेशनात पार्सलं उतरवून घेतली, रिटायर झाला, बायको राहिली नाही म्हणून डहाणूला मुलीकडे आला, मुलगी योगिता म्हणाली, बाबा, मागची खोली तुमचीच, आणि खोलीत बघतो तर काय... इंजिन. लोखंडी घोडीवर चढवलेलं, वर जुनी चादर पांघरलेली. काशीनाथरावांना पांघरूण मागून घ्यावं लागलं, ह्याला आधीच होतं.

तुम्हाला सांगतो, जावई सुदर्शन शाळेत इतिहास शिकवतो. आता इतिहासाच्या मास्तरने किल्ले बघावेत, नाणी जमवावीत, कोण नको म्हणतंय? हा जमवणार काय, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या विलायती स्पोर्ट्स गाडीच्या इंजिनाचे तुकडे. ब्लॉक घोलवडच्या चिकूवाडीत मिळाला, पाण्याच्या पिंपाखाली टेकू म्हणून लावलेला. क्रँकशाफ्ट वापीच्या भंगारात. हेड धाकट्या डहाणूला एका मच्छीमार तांडेलाच्या घरी, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ठेवलेलं, तर हा शहाणा त्याला बदली दगड नेऊन देऊन आला. भंगारवाला निदान भंगार विकतो तरी, असं काशीनाथरावांचं म्हणणं, हा तर त्याला आंघोळ घालतो.

"पप्पा, हे साधं इंजिन नाही हो," सुदर्शन समजावायचा. "रेसचा कॅमशाफ्ट टाकलाय, दोन कार्बुरेटर आहेत. खालच्या स्पीडला हे झोपलेलं असतं. एकदा वर गेलं की मग बघा."

"बघतो की. इंजिन झालं. गाडी कुठेय?"

गाडी नव्हती. म्हणजे कधीच नव्हती. ह्या माणसाने जोडा नसताना नाडी विकत घेतली होती. शेवटी २०१८च्या एप्रिलात काशीनाथरावांनी स्वयंपाकघरात जाऊन लेकीला सांगितलं, "योगिता, एकतर ते राहील नाहीतर मी." आणि तुम्हाला सांगतो, पोरीने लगेच उत्तर द्यावं की नाही? तिने भाजी ढवळली, गॅस बारीक केला, झाकण ठेवलं, मग म्हणाली, "बाबा, गाडी मिळालीय त्यांना. तलासरीकडे एका शेठच्या वाडीत. रविवारी इंजिन तिकडेच नेणार आहेत." बाप म्हणजे काय, झाकण ठेवायच्या आधी आठवायची गोष्ट नाही? ते काशीनाथरावांना लागलं.

रविवारी इंजिन टेंपोत चढलं. काशीनाथराव मुद्दाम बरोबर गेले, पुन्हा घरी येता कामा नये म्हणून. योगिता पोस्टात नोकरीला, ती तिथल्या बायकांबरोबर महालक्ष्मीच्या जत्रेला गेली. वाडीवर पोचले, तर राखणदार म्हणतो, "ती गाडी ना? शेठच्या पोराने भंगारात दिली. पत्रा सडलेला होता."

सुदर्शनने टेंपोत चढून इंजिनावरची सरकलेली चादर नीट केली. काशीनाथरावांना विचारायचं होतं, गाडी कुठेय, पण त्याचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. इंजिन तसंच टेंपोत, परतताना विवळवेढ्यापर्यंत गिळतच आले.

विवळवेढ्याला जत्रेमुळे रस्ता तुंबलेला, आणि तिथे आरडाओरडा. आकाशपाळण्याचं डिझेल इंजिन जाम झालेलं. लोकांनी हाताने ओढून बघितलं, पण पाळणा एका बाजूला जड, थोडा हलायचा नि परत जागेवर. आणि सगळ्यात वरच्या पेटीत, दांड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून, योगिता.

सुदर्शनने पाळणेवाल्या जिव्याला धरलं. "पट्टा काढ. माझ्याकडे इंजिन आहे." टेंपो मागे घेतला, बाटलीभर पेट्रोल ओतून टेंपोच्या बॅटरीवर इंजिन चालू केलं, पट्टा फ्लायव्हीलच्या चाकावर चढवला आणि ॲक्सिलरेटरची केबल सासऱ्याच्या हातात दिली. "पप्पा, हळूच ओढा."

हळूच ओढली. इंजिन घुरघुरलं नि गप्प. परत चालू केलं, परत गप्प. आता ह्याला म्हणायचं स्पोर्ट्स इंजिन... पाळणा हलत नाही त्याच्याने. वरून लेक ओरडते, "बाबा, काहीतरी करा." काशीनाथरावांचं डोकं फिरलं. त्यांनी केबल खेचली ती पार टोकापर्यंत.

आणि तुम्हाला सांगतो, ते जागं झालं. अख्ख्या जत्रेतल्या पिपाण्या बंद पडल्या. पाळणा असा सुटला की माणसं दिसेनात, नुसते रंग. योगिता खाली आली की "बाबा—" वर गेली, खाली आली की "सोडा—" वर गेली. काशीनाथरावांचा हात आखडलेला, केबल सुटेना. शेवटी सुदर्शनने बोटं सोडवली, जिव्याने फळीचा ब्रेक दाबला आणि एकेक पेटी खाली आली. सगळे धड. योगिता उतरली, दोन पावलं वाकडी चालली आणि बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "चालतं हो तुमचं इंजिन." इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुदर्शनचे डोळे भरलेले काशीनाथरावांनी बघितले, आणि त्यांना उगाच दुसरीकडे बघावं लागलं.

पण म्हणून मत बदललं असं समजू नका. वाघ आणायचा नि रहाटाला जुंपायचा, असल्या माणसाला काय म्हणणार? तोवर इकडे रांग लागलेली. जिव्या हात जोडून म्हणतो, "मास्तर, पब्लिकला हाच स्पीड पाहिजे. जत्रा संपेपर्यंत ठेवा ना." आणि ज्याने आपल्या इंजिनाला कोणाला हात लावू दिला नव्हता, तो चक्क हो म्हणाला.

खोली रिकामी झाली. काशीनाथरावांनी स्वतः झाडली, पुसली, खाट मधोमध सरकवली, पाय ताणून झोपले. आठवडाभर काय सुख होतं.

मग जत्रा संपायच्या आधीच दारात टेंपो लागला. जिव्याने आपलं जाम झालेलं डिझेल इंजिन पाठवलं होतं, मास्तरांनी हौसेने दुरुस्तीला मागून घेतलेलं. आधीच्यापेक्षा दुप्पट, खोलीत खाट मावेना.

काशीनाथराव हल्ली दारापुढच्या ओट्यावर झोपतात. कोणी विचारलं तर म्हणतात, वारा चांगला लागतो.