बिया मात्र नाही देणार

नाही गं ईश्वरी, बिया नाही देणार. फांदी घे ना, पाण्यात ठेव, मुळं फुटतील — वरच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून तुझा डोळा आहे या निळ्या फुलांवर, ठाऊक आहे मला. बिया का नाही? अगं, त्या चढतात — डोक्यात! हसू नकोस. हा वेल रोसाल्बाबाईंचा, मेक्सिकोच्या. त्यांचा मुलगा आमच्या ह्यांच्या ऑफिसात, मदिनत खलीफाला व्हिला. त्यांच्या डोंगरातल्या गावात म्हणे कुणाचं काही हरवलं, दुखणं कळेना, की या बिया. कुमारिकेनं वाटायच्या, पाण्यात कालवायच्या आणि अंधारात, अगदी शांततेत प्यायच्या. शेजारी एकानं बसायचं — पिणारा जे बडबडेल ते ऐकायला. त्यातच उत्तर असतं म्हणे. सगळं मुलानं इंग्लिशमधून सांगितलं.

मी काय, लगेच म्हटलं, मला द्या! म्हातारीनं हातावर चापट मारली. मुलगा म्हणाला, इथे आखातात असलं काही केलं तर थेट तुरुंग, आणि दुकानातल्या बियांना औषध फासलेलं असतं, ते वेगळंच विष. मग तिनं मुलाला बाहेर घालवलं, माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि खूण केली — बोल. तिला स्पॅनिश, मला मराठी! पण बोलले बाई, तासभर. काय म्हणजे — आमची आसावरी गं. वीस मिनिटांवर राहते, उम्म सलालला, आणि तीन वर्षं घरी पाऊल नाही. का? मीच फोनवर म्हटलं होतं, त्या विन्सेंटशी लग्न केलंस तर आम्ही तुला मेलो. आम्ही! ह्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. ह्यांना मात्र मी खोटंच सांगितलं, तीच म्हणाली, मला तुमची गरज नाही. आमचे हे, राजाभाऊ, मानी माणूस — त्या दिवसापासून तिचं नाव नाही काढलं, पण तिच्या वाढदिवसाला जेवत नाहीत.

म्हातारीला शब्द कळला नसेल, पण डोळे पुसत होती. मग माझाच मोबाईल माझ्या हातात दिला. लावला मी. "आई?" म्हणाली आसावरी — मी म्हटलं, घरी ये गं. येत्या शुक्रवारी येतायत दोघं, इन्शाल्ला! हे तर खूश, म्हणतात, पोरीला उपरती झाली. म्हणू देत ना. आता खरं सांगून काय —

अहो! तुम्ही? दार उघडंच होतं होय... कधीपासून उभे आहात?

ईश्वरी, तू ये आता. ये म्हटलं ना.

अहो, बसा तरी.